वर्णनवाला

१

मी लोकांना खून सुचवते. दर शुक्रवारी वर्तमानपत्राच्या पुरवणीत माझं सदर असतं, त्यात सुट्टीच्या दिवशी एका बैठकीत संपवता येतील अशा गुन्हेगारी मालिका सांगायच्या. प्रेमकथा आणि सासूसुनांची भांडणं दुसऱ्या कुणाकडे आहेत. माझ्या वाट्याला चिखल, डबक्यात सापडलेली प्रेतं आणि झोप न झालेले पोलीस. ‘जरा अंगावर येणारं सांगा’, ‘बायको माहेरी गेलीय, ती येईपर्यंत पुरेल असं सांगा’, असे मेल येतात आणि मी सांगते. माझ्या शब्दावर माणसं अख्खा रविवार सोफ्यावर लोळून काढतात, याचा मला भारी गर्व आहे.

आता इतक्या मालिका डोळ्यांनी बघत बसले तर घरातलं कोण करणार? म्हणून मी त्या बघतच नाही, ऐकते. ज्यांना दिसत नाही अशा प्रेक्षकांसाठी बऱ्याच मालिकांना वर्णनाची सोय असते. संवाद थांबले की मधल्या जागेत एक सपाट आवाज पडद्यावर काय चाललंय ते सांगतो. ‘इन्स्पेक्टरबाई दार ढकलतात. टेबलावर रक्ताळलेला चाकू.’ ही सोय सुरू करायची, फोन खिशात टाकायचा, कानात इअरफोन खुपसायचे आणि भांडी घासायची, कपडे वाळत घालायचे, भाजी चिरायची. ओटा पुसून होईपर्यंत खुनी सापडतो. मग बसून लिहून टाकायचं. आजवर कुणाला पत्ता लागला नव्हता.

ही युक्ती मला मावशीमुळे सापडली. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. ती माझ्या खालच्याच मजल्यावर एकटी राहते. उभा जन्म ऑपरेशन थिएटरात नर्स म्हणून काढला, आणि निवृत्त झाल्यावर काचबिंदूने दोन्ही डोळे नेले. तोंड मात्र शाबूत आहे.

“मुळमुळीत काही लावून देऊ नकोस हं, ठमे,” ती मला बजावते. ठमी म्हणजे मी. “आणि परवाच्या त्या मालिकेत काय, पोटात सुरी लागली तरी तो बाबा अर्धा तास भाषण करतोय! तिथे लागल्यावर कुणी बोलत नाही गं. आई गं म्हणतात आणि संपतात.”

दिवसभर ती आणि तिचा टीव्ही. तो वर्णन सांगणारा आवाज आम्हा दोघींच्या इतक्या ओळखीचा झाला होता की मावशीने त्याचं नावच ठेवलं होतं, वर्णनवाला. “वर्णनवाला आज जरा सर्दावलाय,” असंही ती कधी कधी म्हणायची.

२

‘थंड गोदाम’ ही मालिका मी अशीच ऐकली. मासळी साठवायच्या गोदामात प्रेत सापडतं, दोन पोलीस तपास करतात, कुणीच सरळ नसतं. ठीकठाक. पण एका गोष्टीने मला धरून ठेवलं आणि मी सदरात ती खुलवून लिहिली.

‘चौकशीच्या खोलीत दोन पोलीस आणि एक संशयित. आणि कोपऱ्यात आणखी एक जण. तो बोलत नाही, त्याच्याशी कुणी बोलत नाही, तो कोण हे कुणी विचारतही नाही. गोदामात, गाडीत, इन्स्पेक्टरच्या घरी, तो नुसता उभा असतो. असं धाडस बऱ्याच वर्षांत बघितलं नव्हतं. दार लावून घ्या आणि एका बैठकीत संपवा.’

शुक्रवारी सकाळीच पुरवणीच्या संपादिकेचा फोन आला. माझ्याहून कितीतरी लहान आहे, पण ताई ताई म्हणत माझे कान उपटते.

“ताई, तो कोपऱ्यातला कोण हो?”

“कोण म्हणजे? मालिकेतलाच.”

“मी सगळी मालिका बघितलीय. कोपऱ्यात कोट अडकवायची खुंटीसुद्धा नाही. वाचकांनी मला फाडून खायचं बाकी ठेवलंय. तुम्ही बघितलीत ना नक्की?”

“बघितलीत म्हणजे काय!” मी आवाज चढवला. चोराच्या तोंडी असतो तसाच तो चढला होता.

फोन ठेवला आणि लॅपटॉपवर मालिका लावून समोर बसले. चौकशीची खोली. टेबल, तीन खुर्च्या, रंगाचे पोपडे आलेल्या भिंती. संशयित मान खाली घालून बसलेला. संवाद थांबले आणि वर्णनवाला म्हणाला, ‘कोपऱ्यात तो उभा आहे.’

कोपऱ्यात पोपडे होते. दुसरं काही नव्हतं.

मी घाबरले नाही, कारण मला लगेच कारण सुचलं. वर्णन आधी ध्वनिमुद्रित झालं असणार आणि त्यानंतर कुणीतरी त्या माणसाला मालिकेतून कापून टाकलं असणार. वर्णन बदलायचं राहून गेलं. आळशीपणा काय फक्त माझ्याच घरी राहतो? मी संपादिकेला तसं कळवून टाकलं.

एक गोष्ट तेवढी खटकत राहिली. मालिकेतल्या प्रत्येक माणसाचं वर्णनवाला काही ना काही सांगायचा. टक्कल, लाल स्वेटर, लंगडा पाय. याचं काहीच नाही. नुसतं ‘तो’. आणि ‘तो’ म्हणायच्या आधी दर वेळी वर्णनवाला श्वास घ्यायचा, ऐकू येईल इतका.

३

मावशीला मी ती मालिका सगळ्यांत आधी सुचवली होती. दुपारचा चहा घेऊन खाली गेले तर बाई खुशीत होत्या.

“आत्तापर्यंतच्यात ही एक नंबर बघ. गोदामातल्या मुडद्याचं मला काही पडलेलं नाही, पण ती पिवळ्या पडद्याच्या खोलीतली म्हातारी! जीव टांगणीला लागतो गं.”

“कुठली म्हातारी?”

“अगं, एकटी असते ती. आणि तो कोपऱ्यातला तिच्या घरात शिरलाय. तिला पत्ताच नाही! काल दारात होता. आज कपाटापाशी आलाय. बिचारीला कुणीतरी सांगायला हवं.”

‘थंड गोदाम’मध्ये म्हातारी नाही. मी कप तिच्या हातात दिला आणि समोरच्या खुर्चीवर बसले. टीव्हीच्या पडद्यावर ओला रस्ता होता, एक गाडी चालली होती, वायपर फिरत होते. संवाद नव्हते.

‘खोली,’ वर्णनवाला म्हणाला. ‘खिडकीला पिवळा पडदा, खालची शिवण उसवलेली. भिंतीला लागून पलंग. पलंगावर म्हातारी बसली आहे. हातात कप.’

मी खिडकीकडे बघितलं. तो पडदा मीच लावला होता. मावशीचा आवडता निळा पडदा विरून गेला, तोवर तिचे डोळेही गेले होते, म्हणून मी बाजारात मिळाला तो पिवळा आणून टांगला. रंग तिला सांगितला नव्हता. निळाच आहे असं ती धरून चालली होती, आणि कशाला उगाच तिचं मन मोडा. शिवण उसवलेली होती. शिवू शिवू म्हणत माझ्याकडून राहिली होती.

‘समोर दुसरी बाई बसली आहे. ती पडद्याकडे बघते.’

“ही कोण आता?” मावशी पुढे सरसावली. “ही पहिल्यांदाच आली.”

“शेजारीण असेल,” मी म्हणाले.

वर्णनवाल्याने श्वास घेतला. ‘तो कपाटापाशी उभा आहे.’

मी कपाटाकडे बघितलं. कपाट होतं. त्याचं एक दार नेहमीसारखं जरासं उघडं होतं, त्यातून मावशीच्या शालीचं टोक बाहेर आलं होतं. कपाट आणि भिंत यांच्यामध्ये एक माणूस उभा राहील एवढी जागा होती. ती रिकामी होती. मी त्या जागेकडे इतका वेळ बघत राहिले की माझा चहा गार झाला.

“घाबरली वाटतं ती दुसरी,” मावशी म्हणाली. “कळलं असेल का गं तिला?”

४

मी डोकं चालवून खाणारी बाई आहे. वर येऊन मी शक्यता मांडत बसले. कुणीतरी मावशीच्या खोलीत कॅमेरा लावलाय. कुणीतरी तिच्या टीव्हीत शिरून चेष्टा करतंय. पण पडद्याच्या शिवणीची चेष्टा करून कुणाला काय मिळणार? दुसऱ्या दिवशी मी टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. त्याने मागचं झाकण उघडलं, फुंकर मारली, टिचकी मारली आणि म्हणाला, “बाई, यात धूळ सोडून काही नाही.”

मग मी माझ्याकडची मालिका पुन्हा लावली, पहिल्या भागापासून. चौकशीची खोली आली, संवाद थांबले. ‘इन्स्पेक्टर पेला सरकवतो,’ वर्णनवाला म्हणाला. पुढे काही नाही. मी मागे नेऊन पुन्हा ऐकलं. गोदाम, गाडी, इन्स्पेक्टरचं घर. माझ्याकडच्या मालिकेत आता तो कुठेच नव्हता.

आणि ती मालिका मावशीच्या घरात मी धाडली होती, आग्रहाने, दार लावून घे म्हणून. मला फार भीती वाटली. लहानपणी तापात मावशी उशाशी बसलेली असायची तेव्हा वाटायचं की ती आहे तोवर मला काही होणार नाही. आता त्याच माणसाला मी जपायला हवं होतं, आणि कशापासून ते मला सांगता येत नव्हतं.

मी खाली गेले. “ही मालिका सोड गं. मी तुला भन्नाट एक सुचवते. जंगलातली आहे. प्रेतांचा नुसता खच.”

“आणि म्हातारीचं काय झालं ते न ऐकता? वेडी आहेस का? तो आता तिच्या समोरच्या खुर्चीवर येऊन बसलाय.”

मी त्याच खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होते. हात काढून घेतला.

तेवढ्यात मावशीला शिंक आली. टीव्हीवर दोन पोलीस नि:शब्द जिना चढत होते.

‘म्हातारी शिंकते,’ वर्णनवाला म्हणाला. ‘रुमालाने नाक पुसते.’

मावशीचा रुमाल नाकापाशीच थांबला.

“ठमे,” ती म्हणाली, “आपला पडदा कुठल्या रंगाचा आहे गं?”

“निळा.”

“निळाच ना?”

“निळाच, मावशी.”

ती उठली. भिंतीला हात लावत लावत खिडकीपर्यंत गेली. पडदा हाताने चाचपत खाली वाकली आणि त्याची खालची कड बोटांनी एका टोकापासून तपासत गेली, जशी ती पूर्वी टाके तपासायची. एका जागी तिची बोटं थांबली. उसवलेल्या शिवणीतून तिचं बोट आरपार आलेलं मला दिसलं.

ती तशीच भिंतीला धरून परत आली, पलंगावर बसली, दोन्ही हात मांडीवर ठेवले.

“आवाज वाढव,” ती म्हणाली.

५

त्यानंतर ती टीव्हीसमोरून हलेना. जेवण तिथेच, झोप तिथेच. मालिका संपली की ती पुन्हा पहिल्यापासून लावायची. मी विनवण्या केल्या, भांडले, रडलेसुद्धा.

“बंद कर ना गं ते. बंद केलं की संपेल सगळं.”

“काय संपेल?” ती शांतपणे म्हणाली. “तो मालिकेत आहे असं तुला वाटतं? अगं, हा वर्णनवाला बिचारा मला सांगतोय म्हणून मी अजून धड आहे. तो कुठे आहे ते कळतंय तोवर माणूस बसू शकतं. बंद केलंस तर मला कसं कळणार?”

मला ते पटलं नाही. मला वाटलं, एकटेपणाने आणि माझ्या त्या मेल्या मालिकांनी हिचं डोकं फिरलंय, आणि हिच्या नादाने माझंही. खुर्चीत कुणी नव्हतं, कपाटापाशी कुणी नव्हतं. मी दिवसातून कितीदा तरी बघत होते, आणि बघितलेलं खरं की ऐकलेलं? एखाद्या दुखणाईताच्या हातून बाटली काढून घ्यावी तसं हे काढून घ्यायला हवं होतं.

टळटळीत दुपार होती. खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. मावशी उशीला टेकून ऐकत होती, तिची मान जराशी वाकडी झाली होती.

वर्णनवाल्याने श्वास घेतला. या वेळी तो श्वास कापरा होता. ‘तो उठतो,’ तो म्हणाला. ‘तो खुर्ची मागे सारतो. तो पलंगाच्या—’

मी प्लग उपसला.

मावशी किंचाळली. तिला असं किंचाळताना मी कधी ऐकलं नव्हतं. ती पलंगाच्या टोकाला भिंतीत घुसायला बघत होती, पाय पोटाशी ओढून घेत होती. “लाव! लाव लवकर! पलंगाच्या काय? ठमे, पलंगाच्या काय?”

घाईत प्लग भोकात जाईना. शेवटी गेला. टीव्ही सुरू झाला, मालिका लागली, मी वर्णनाची सोय चालू केली.

‘गोदामाचं दार उघडतं,’ वर्णनवाला म्हणाला. आवाज पहिल्यासारखाच सपाट होता. ‘बर्फाच्या लाद्या. इन्स्पेक्टर हातमोजे चढवतो.’

आम्ही ऐकत राहिलो. भागामागून भाग. खोली आली नाही, पडदा आला नाही, म्हातारी आली नाही. वर्णनवाल्याने कुठेही श्वास घेतला नाही.

“गेला,” मी म्हणाले. “बघ, गेला तो.”

“मालिकेतून गेला,” मावशी म्हणाली. तिने माझं मनगट पकडलं. म्हातारपणी एवढी ताकद कुठून आली कोण जाणे. “आता तू सांग. तुला दिसतंय ना?”

६

मी माझं बिऱ्हाड खाली हलवलं. खिडकीपाशी टेबल लावून लॅपटॉप ठेवला. तिथून सगळी खोली नजरेत येते. समोरच्या भिंतीला पलंग, बाजूला कपाट, उजवीकडे दार.

सुरुवातीला मी खरं तेच सांगत होते. “कोणी नाही गं, मावशी. खोलीत तू आणि मी.” पण त्याने ती आणखीच सैरभैर व्हायची. “नीट बघ. पलंगाखाली बघ. माझ्या मागे बघ.” मी बघायची, नाही म्हणायची, आणि ती पुन्हा तेच विचारायची. दोन घासही पोटात जाईनात. चेहरा पार उतरला. डॉक्टर येऊन गोळ्या देऊन गेले, त्या तिने तोंडात धरून थुंकून टाकल्या. माझ्या डोळ्यांदेखत ती संपत चालली होती.

म्हणून एका सकाळी तिने विचारलं तेव्हा मी म्हणाले, “दारात आहे.”

तिचे खांदे खाली आले. तिने लांब सुस्कारा सोडला. “दारात? नक्की?”

“उंबऱ्याच्या पलीकडे. आत यायचं धाडस होत नाहीये त्याचं. मी बसलेय ना इथे.”

त्या दिवशी ती पोटभर जेवली.

मग मी त्याला दारातच ठेवला. अंगात ती कला होतीच. न बघितलेल्या गोष्टी बघितल्यासारख्या सांगून माझं घर चाललंय. तिने विचारलं, कुठाय, की मी म्हणायची, दारात. कधी कधी चव आणायला थोडं वाढवायची. “आज कंटाळलेला दिसतोय.” “आज एक पाऊल मागे गेलाय.” मावशी हसायला लागली, मला ठमे म्हणून ओरडायला लागली, दुपारची डुलकी घ्यायला लागली. कपाटाकडे आणि खुर्चीकडे मी हळूहळू बघायचं सोडून दिलं. दाराकडेही. मला वाटायला लागलं की आपण हिला वाचवलं.

आज दुपारी मी सदर लिहीत बसले होते. खिडकीतून ऊन येत होतं, पडद्यामुळे खोली पिवळी झाली होती. मावशी पांघरूण घेऊन पडली होती, डोळे मिटलेले. मला वाटलं झोपली.

“ठमे, कुठाय गं?”

“दारातच.” मी एक वाक्य खोडत होते. मान वर केली नाही.

“हलला नाही?”

“जराही नाही.”

“बरं झालं,” ती पेंगुळलेल्या आवाजात म्हणाली. मग थोड्या वेळाने, अगदी मायेने, “आता पाय चेपायचं थांबव गं. केव्हाची चेपतेस. हात दुखतील तुझे.”

माझे दोन्ही हात टेबलावर होते. पलंग खोलीच्या दुसऱ्या टोकाला होता.

मी मान वर केली. मावशीच्या पायांवरचं पांघरूण पोटरीपाशी हळूच दबलं, वर आलं. मग जरा खाली, घोट्यापाशी दबलं. वर आलं. चेपणाऱ्याला घाई नव्हती. आणि मावशीचा चेहरा इतका निवांत होता, कितीतरी दिवसांत तो तसा झाला नव्हता. खरं सांगितलं तर तो चेहरा पुन्हा कधी तसा होणार नाही, हे मला कळत होतं.

“थांबले बघ,” मी म्हणाले.

“कुठे थांबलीस?” मावशी हसून म्हणाली.